वही पाठवतेय

चि. बाळास, आईचे अनेक आशीर्वाद.

येळवशीला, आपल्या वेळ अमावस्येला, तू आला नाहीस. मामाच्या शेतात कडब्याची कोप केली, पूजा झाली, भज्जी आणि उंडे वाढताना तुझं ताट माझ्याकडून आधी काढलं गेलं, मग आठवलं. ओव्हरटाइम सोडवत नाही हे मला कळतं. पण परवा फोनवर तू जे बोललास त्यानं झोप उडाली. सात महिने ठेकेदार पगारातून पीएफ कापतोय, पासबुकात रुपयाही जमा नाही, आणि सोमवारी तुम्ही चौदा जण गेटवर बसणार. मी नुसतं "जपून रे" म्हणाले आणि फोन ठेवला. बोलता आलं नाही म्हणून लिहितेय. तुला अडवायला लिहीत नाही. बसायचंच आहे, पण या सोमवारी नको.

2016 चा उन्हाळा आठवतो ना? तू दहावीला होतास. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, ते टीव्हीवर सगळ्या देशानं बघितलं. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात काय चाललंय ते कुणी दाखवलं नाही. पिकलंच नव्हतं तर पोती कुठून येणार? तुरीचे ढीग लागायचे त्या ओट्यावर कुत्री झोपलेली असायची. आडत्यांनी हमालांना थोडी उचल दिली, पुढच्या हंगामात फेडायच्या बोलीवर. मग आम्ही चाळणीवाल्या बायकाही मागायला गेलो. मी त्या एका दुकानात सोळा वर्षं माल चाळला होता. शेठ रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्याकडे कामाला आहात असं लिहिलंय कुठं?"

खरंच कुठं लिहिलेलं नव्हतं. सोळा वर्षांत माझं नाव एका कागदावर नव्हतं. तुझ्या अप्पांनी जवानीत क्विंटलची पोती पाठीवर वाहिली, मणक्यात गॅप पडला, तरी त्यांच्याकडं हमालाचा परवाना तरी होता. बाजार समितीच्या 18 संचालकांत एक हमाल-मापाड्यांचा असतो, त्याला ते मत द्यायचे. आमच्यातल्या एकीकडंही परवाना नव्हता. त्या रात्री तुझी अर्धी कोरी भूमितीची वही मी घेतली. तू दुसऱ्या दिवशी ती शोधत होतास, मी सांगितलं नाही.

पहिल्यांदा आम्ही चौघीच लिहायचो. तारीख, दुकान, किती पोती चाळली, किती पैसे मिळाले. लिहिता न येणारी प्रत्येक पोत्याला एक उभी रेघ मारायची आणि पाचवी आडवी. त्यात मातेऱ्याचा रकाना मी नंतर घातला. मातेरं म्हणजे काय ते तुला सांगायला नको, तू त्याच्यावरच वाढलास. चाळून, झाडून खाली उरलेली माती-खडा-दाणा. "मातेरं तुमचंच" असं म्हणायचे आणि तेवढ्यावर मजुरी दाबायचे. आम्हालाही ते बक्षीस वाटायचं. एका महिन्यात रोज तोलून पाहिलं. घरी आणून पाखडून, निवडून, धुऊन वाळवल्यावर टोपलीभर मातेऱ्यातून तांब्याभर तूर निघायची, आणि त्यापायी रात्रीचे दोन तास जायचे. ते दोन तासही लिहायला लागलो.

आता आमची चूक सांगते, कारण तुम्ही तीच करायला निघालात. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनची आवक वाढली आणि आम्हाला जोर चढला. अकराजणींनी चाळण्या खाली ठेवल्या. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या वस्तीतल्या बायका त्याच चाळण्या उचलून कामाला लागल्या. आमच्यातल्या तिघींना पुन्हा बोलावलंच नाही. मला त्या बायकांचा फार राग आला होता. पण त्यातली एक मला नळावर भेटली आणि म्हणाली, "तुम्ही आमाला कदी इचारलं का? तुमच्या डेऱ्यातलं पाणी तरी कदी दिलं का?"

बाळा, ते खरं होतं. ओट्याच्या एका कोपऱ्यात आमचा डेरा, दुसऱ्या कोपऱ्यात त्यांची घागर. जेवायच्या वेळी कोण कुणाच्या पंगतीला बसतं हे आडनावावर ठरलेलं. बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव पायपीट केली, पुण्यात हमाल पंचायत उभी केली. भरतीला पुण्यात गेला होतास तेव्हा ज्या 'कष्टाची भाकर'मध्ये तू स्वस्तात जेवून आलास, ती हमालांनी 1974 साली सुरू केलेली. मला ते सगळं माहीत होतं, त्यांचं नाव मी आदरानं घ्यायचे, आणि माझ्याच ओट्यावर दोन पाणवठे होते. डेरा एक करायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं. घरून ऐकून घ्यावं लागलं. तुझ्या आज्जीनं चार दिवस माझ्या हातचं खाल्लं नाही. ज्या तिघींचं काम गेलं त्यांच्यासाठी आठवड्याला वीस-वीस रुपयांची भिशी काढली, तिचा पहिला नंबर पलीकडच्या वस्तीतल्या एका बाईनं आपण होऊन सोडला. त्या दिवशी मी घरी येऊन रडले होते, तू विचारलंस तर डोळ्यात कचरा गेला म्हणाले.

2017 च्या तुरीच्या हंगामात आम्ही भांडलो नाही. तूर इतकी आली होती की मोंढ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. हमीभाव 5,050 रुपये आणि बाजारात त्याच्या खालीच सौदे. सरकारी खरेदी केंद्रावर बारदाना, म्हणजे रिकामी पोती नाहीत म्हणून मापं बंद, शेतकरी गाड्यांखाली झोपलेले. तुझा मामा तीन रात्री तिथं होता. शेवटी कंटाळून त्यानं आडतीवरच माल घातला आणि पट्टी, विक्रीच्या हिशेबाचा कागद, घेऊन घरी जेवायला आला. मी भाकरी थापता थापता ती पट्टी बघितली. हमाली, तोलाई, आणि खाली चाळणीचे म्हणून कापलेले पैसे. त्याचा माल मीच चाळला होता. माझी वही काढली. मामाकडून कापलेले आणि माझ्या हातात आलेले, यात निम्म्याहून जास्त फरक होता. मामा जेवायचा थांबला. आम्ही दोघं बहीणभाऊ त्या दोन कागदांकडं बघत बसलो.

त्या हंगामात आणखी बत्तीस शेतकऱ्यांच्या पट्ट्या गोळा केल्या. पुढच्या सोयाबीनला बोलणी करायला गेलो तेव्हा आम्ही एकेचाळीसजणी होतो आणि दाराशी पट्टी हातात घेतलेले शेतकरी उभे होते. ओरडावं लागलं नाही. पोत्यामागं दोन रुपये वाढले, मातेऱ्याचा मजुरीशी संबंध तुटला. मोठं काही झालं असं मी म्हणणार नाही, पण घरात गॅसची टाकी वेळेवर यायला लागली ती तेव्हापासून.

माथाडी कायद्याचं अजून चालूच आहे. 1969 चा कायदा हमालांचा, एवढंच आम्हाला वाटायचं. एका वकीलबाईंनी त्याची अनुसूची वाचून दाखवली. माल चढवणं-उतरवणं तर आहेच, पण भरणं, शिवणं, निवडणं, साफ करणं हेही त्यात आहे. 'साफ करणं' तीनदा वाचायला लावलं मी त्यांना. माथाडी मंडळात नोंद झाली की मालक मजुरी आणि वर लेव्ही म्हणून जादा रक्कम मंडळाकडे भरतो, त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे. तेवीसजणींची नोंद झाली. बाकीच्यांच्या अर्जासाठी दर महिन्याला खेपा घालतोय.

म्हणून सोमवारी बसू नका. ती चौदा पोरं सोडून त्या शेडमध्ये आणखी किती आहेत? बिहारची पोरं वेगळ्या खोलीवर राहतात म्हणालास, त्यांचाही पीएफ कापतोच ना तो? त्यांच्या खोलीवर जा, त्यांच्यासोबत जेव, मग विचार. प्रत्येकाचा पीएफचा यूएएन नंबर, सात महिन्यांच्या पगारपावत्या, बँकेत आलेली रक्कम, गेटपासची झेरॉक्स, हे एका जागी करा. पावती देत नसेल तर ज्या दिवशी मागितली ती तारीख लिहा. ठेकेदार बुडवून पळाला तरी मूळ कंपनीची जबाबदारी सुटत नाही, हे वकीलबाईंना विचारूनच लिहितेय. पण तुम्ही तिथं कामाला होता हे तुम्हालाच दाखवावं लागेल. कोऱ्या कागदावर सही करू नका, कितीही गोड बोलला तरी. आणि तिथं आडनावं विचारत बसू नका.

मग पीएफ ऑफिसला अर्ज सगळ्यांच्या सह्यांनी द्या आणि पोच घ्या. त्यानंतर गेटवर बसायचं ठरलं तर मला कळव. मी आणि दोघी-तिघी येऊ, चटणी-भाकर घेऊन येऊ. तुझे अप्पा म्हणतात त्यांनाही यायचंय, पण एसटीत एवढा वेळ त्यांना बसवत नाही.

सोबत दोनशे पानी वही पाठवतेय. पहिल्या पानावर मी रेघा मारल्यात: तारीख, पाळी, तास, ठरलेले, कापलेले, हातात आलेले. ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं पिशवी दिलीय, त्यातच उंडे आणि तिळाची चटणी आहे. उंडे आधी खा, टिकत नाहीत. गाडी पहाटे बाबा पेट्रोल पंपाला थांबते, पाळीवर जायच्या आधी घेऊन जा.

तुझी,
आई