सुभेदार साहेब, तुम्ही पावसाचं विचारलंत

आदरणीय सुभेदार साहेब,

जय हिंद.

हे पत्र तुमच्या हातातही देता आलं असतं. रविवारी भेटतोच आपण. पण तोंडावर आभार मानायला गेलो तर तुम्ही “झालं का तुझं? बस आता” म्हणून उडवून लावणार, हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. चारचौघांसमोर तुम्हाला मला गप्प करता येणार नाही. शिवाय मिशनवरून परतलेले आणि घरात गप्प बसलेले बरेच जण आहेत. त्यांच्या घरच्यांनी तरी हे वाचावं.

चार वर्षांपूर्वी पॉलिक्लिनिकच्या बाकावर तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसलात. शुगरच्या रिपोर्टसाठी दोघांचेही नंबर लांब होते. पलटण कुठली, पेन्शनीत कधी आलास, मुलं किती, हे नेहमीचं झालं. मग मी यूएन मिशन केलंय म्हणालो, कांगोत होतो. पुढचा प्रश्न कुठला येणार हे मला पाठ होतं. गावात, लग्नात, एसटीत, बँकेत, जिथे म्हणून कांगोचं नाव काढलं तिथे तोच आला होता: “मग डॉलर किती मिळाले?”

तुम्ही विचारलंत, “तिथे पाऊस कसा पडायचा रे?”

साहेब, २००९ साली मी परत आलो. तेव्हापासून हे कुणी विचारलं नव्हतं. मी थोडा वेळ तुमच्याकडे बघतच राहिलो आणि मग सांगायला लागलो. आम्ही होतो ते कांगोतलं गोमा शहर विषुववृत्ताजवळ आहे, पण उंचावर, समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर. त्यामुळे रात्री स्वेटर लागतो. पाऊस दुपारी येतो, डोंगरावरून आवाज करत येतो, कधी गारा घेऊन. जमीन काळी. २००२च्या जानेवारीत न्यिरागोंगो हा ज्वालामुखी फुटला आणि लाव्हा थेट शहरातून वाहत गेला, विमानतळाच्या धावपट्टीचा एक भागही त्याने गिळला. त्याच खडकावर लोकांनी पुन्हा फळ्यांची घरं उभी केली. त्या काळ्या दगडावर पाऊस पडला की पाणी तडतड उडतं. आणि रात्री ढग हटले की डोंगराच्या माथ्यावर लाल उजेड दिसतो. पहिल्या रात्री मला वाटलं, कुठेतरी गाव पेटलंय.

एवढं सलग मी कांगोबद्दल आयुष्यात पहिल्यांदा बोललो. माझा नंबर पुकारला गेला तो मला ऐकूच आला नाही. तुम्हीच ढोसलंत.

डॉलरच्या प्रश्नाचा मला राग यायचा, पण तो प्रश्न खोटाही नव्हता. मिशनच्या यादीत नाव लागावं म्हणून मीही धडपडलो होतो. भत्ता चांगला होता, घरावर स्लॅब पडला तो त्यातूनच. दिल्लीत ट्रेनिंग झालं, पिवळ्या तापाची लस टोचली, निळी टोपी मिळाली, तेव्हा मी खूश होतो. नव्वद दिवसांनी मेडल मिळालं तेव्हाही होतो. म्हणून तर नंतरचं सांगायला तोंड नव्हतं. पैसे घेतलेस ना, मग आता रडतोस कशाला, असं कुणी म्हटलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुणी म्हणायच्या आधीच मी ते स्वतःला म्हणत होतो.

कारगिलचं लोकांना कळतं. शत्रू कोण, शिखर कुठलं, झेंडा कुठे लावला, सगळं चोख. आमचं काय सांगणार? मोनुक, म्हणजे कांगोतलं तेव्हाचं यूएनचं मिशन. २००८ साली त्यात सैनिक सतरा हजारांच्या आसपास, आणि देश भारताच्या दोन-तृतीयांशाहून मोठा. गोमा ज्या प्रांतात येतं त्या उत्तर किवूमध्ये आपली ब्रिगेड. समोर एनकुंडा या बंडखोर सेनापतीची सीएनडीपी, माई-माईच्या टोळ्या, रवांडातून आलेले एफडीएलआरचे बंडखोर, आणि ज्यांच्या बाजूने उभं राहायचं ते सरकारी सैन्य, ज्यांच्यापासूनही गावकरी पळायचे. गोळी कधी चालवायची याचं कार्ड खिशात. सामान्य माणसाच्या जिवाला धोका असेल तर त्याचं रक्षण करायचं, असं हुकमात लिहिलेलं. आता सांगा, सतरा हजारांनी कुठे कुठे उभं राहायचं?

माझी ती गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी लिहितो. लिहून बघायचीही आहे.

२००८चा ऑक्टोबर संपत आला होता. एनकुंडाची माणसं रुत्शुरूच्या रस्त्याने गोमाच्या दिशेने सरकत होती आणि त्यांच्यापुढे लोक. त्या हंगामात अडीच लाखांच्या आसपास माणसं घरं सोडून निघाली, असा यूएनचा आकडा होता. आम्ही आकडा पाहिला नाही, रस्ता पाहिला. गाद्या, शेळ्या, शिवणयंत्रं, डोक्यावर पत्रे. तिकडे चुकुडू नावाची लाकडी गाडी असते, दोन लाकडी चाकं, मोठी मुलं खेळतात तसल्या घसरगाडीसारखी, पण माणसाहून लांब. त्यावर एरवी कोळशाची पोती वाहतात. त्या दिवशी एकावर गादी बांधली होती आणि गादीवर एक म्हातारी. उतार आला की ढकलणारा पोरगा पाय टेकवून ब्रेक लावायचा. तिने दोन्ही हातांनी एक स्टीलचं घमेलं पोटाशी धरलं होतं, रिकामं.

गोमात लोकांनी यूएनच्या तळांवर दगड मारले ते त्याच दिवसांत. २७ ऑक्टोबरची ती बातमी जगभर गेली. आमच्या गाडीवरही आले. दगडाचं मला काही वाटलं नाही. दगड म्हणजे राग, आणि राग कळतो.

लागला तो एक माणूस. काटेरी तारेपाशी आला, माझ्यासमोरच. ओरडला नाही. माझ्या रायफलकडे बोट दाखवून हळू आवाजात तीन-चार वाक्यं बोलला आणि उभा राहिला. मी दुभाष्याकडे पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, “थँक यू म्हणतोय, सर.”

मला स्वाहिली येत नव्हती, पण कानावर पडून पडून काही शब्द झाले होते, आणि काही तर आपलेच निघाले. गाडीला गारी म्हणतात, दुकानाला दुका, पुस्तकाला किताबू, हिशोबाला हेसाबू. सुरुवातीला आम्हाला त्याची गंमत वाटायची, रोल कॉलनंतर आम्ही असे शब्द शोधत बसायचो. आभाराला असांते म्हणतात, हे तर पहिल्याच दिवशी कळतं. त्या माणसाच्या तोंडून असांते आलं नव्हतं. बुंदुकी आलं होतं, दोनदा. बुंदुकी म्हणजे बंदूक. ते मला कुणी सांगावं लागलं नाही.

दोन दिवसांनी, २९ तारखेला, एनकुंडाने गोमाच्या वेशीवर एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. शहर त्या वेळी वाचलं. तो माणूस कुठे गेला, मला माहीत नाही. काय म्हणाला तेही माहीत नाही. दुभाष्याला मी परत विचारलं नाही. तोही त्याच गावांकडचा होता, त्याची माणसंही त्या गर्दीत असतील. त्याने मला वाचवलं की स्वतःला, हे मी वर्षानुवर्षं उलटंसुलटं करत बसलो.

घरी यातलं काहीच माहीत नव्हतं. गोमात रात्रीचे आठ म्हणजे इकडे साडेअकरा, बायको जागी राहून फोनची वाट बघायची. तेवढ्या पाच मिनिटांत काय सांगणार? “सगळं ठीक, जेवलो, इथे थंडी आहे.” परत आल्यावर झोपेत दचकायला लागलो. मलेरियाच्या गोळीने वेडीवाकडी स्वप्नं पडतात असं पलटणीत बोललं जायचं, म्हणून सगळं खापर मी त्या गोळीवर फोडलं. गोळी बंद होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, तरी फोडतच होतो.

हे सगळं मी तुमच्या ओसरीवर पहिल्यांदा बोललो तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतंय? “तुझी चूक नव्हती” असं नाही म्हणालात. ते म्हणाला असतात तर मी परत आलो नसतो. थोडा वेळ थांबून तुम्ही म्हणालात, “आमच्याकडे तुप्पाक्की म्हणायचे.” बंदुकीला तमिळमध्ये तोच शब्द.

मग श्रीलंकेतलं जाफना निघालं. १९८७च्या २९ जुलैला भारत-श्रीलंका करार झाला आणि ऑगस्टमध्ये तुम्ही शांतिसेनेबरोबर पलालीच्या विमानतळावर उतरलात. तरणेबांड नाईक. लोक रस्त्यावर उभे, गळ्यात हार. आपण यांना वाचवायला आलोय, त्यांनाही तसंच वाटत होतं. ऑक्टोबरात तमिळ वाघांविरुद्ध ऑपरेशन पवन सुरू झालं आणि त्याच रस्त्यांखाली सुरुंग निघायला लागले. तिकडचा पाऊस ऑक्टोबरातच धरतो, म्हणालात. ताडाची झाडं, लाल माती, खंदकात गुडघाभर पाणी, आणि गोळी कुठल्या घरातून आली हे कळायचं नाही. पाऊस तुम्ही मला का विचारला होता, ते मला तेव्हा कळलं.

२४ मार्च १९९०ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. बाराशेच्या आसपास जवान तिथे कामी आले. त्यांची नावं कोरलेलं स्मारक आधी झालं ते कोलंबोजवळ, श्रीलंकेच्या सरकारने बांधलेलं. आपल्याकडे राष्ट्रीय युद्ध स्मारक व्हायला २५ फेब्रुवारी २०१९ उजाडावं लागलं. तुम्ही मुलाला घेऊन दिल्लीला गेलात, त्याग चक्रातल्या विटांवर तुमच्या सेक्शनमधलं एक नाव शोधलंत आणि त्यावर हात ठेवून उभे राहिलात, तर मागच्या पर्यटकाने फोटोसाठी बाजूला व्हायला सांगितलं. हे तुम्ही हसत सांगता. मला अजून त्यात हसण्यासारखं काही सापडलेलं नाही.

तर साहेब, आभार कशाकशाचे मानू? त्या ओसरीचे. “माझं मोठं की तुझं मोठं, हे इथे चालणार नाही” असं तुम्ही पहिल्याच रविवारी बजावलंत, त्याचे. नाहीतर आम्ही माजी सैनिक एकत्र आलो की दोनच गोष्टी होतात, एक तर पेन्शनचा हिशोब, नाहीतर व्यासपीठावरची भाषणं. भाषण करणाऱ्याला बहुधा पाऊस आठवत नसतो, हे माझं मत, चुकीचंही असेल. तुमच्याकडे सोमालियाला गेलेला ड्रायव्हर येतो आणि तासभर फक्त धुळीबद्दल बोलतो. लेबनॉनवाला येतो. २००६चे ते ३४ दिवस दोन्हीकडचा मारा डोक्यावरून जात होता आणि हे बंकरमध्ये मोजत बसलेले, ते आवाज तो तोंडाने काढून दाखवतो. मग अचानक गप्प होतो. त्याला कुणी “पुढे काय झालं” विचारत नाही. हे तुम्ही आम्हाला न शिकवता शिकवलंत.

आणखी एका गोष्टीचे आभार माझ्याकडून नाहीत, घरून आहेत. गेल्या वर्षी तुम्ही म्हणालात, “मला सांगितलंस, आता तिला सांग.” मी टाळत होतो. मग एका रात्री दिवे गेले होते, तेव्हा सांगितलं. सगळं, म्हातारीचं घमेलं, बुंदुकी, दुभाष्या. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “फोनवर तर आवाज अगदी बरा असायचा तुमचा. मला वाटायचं, तिकडे सुखात आहात, म्हणून इकडची भांडणं काढायची नाही मी.” म्हणजे त्या वर्षी खोटं बोलणारा मी एकटाच नव्हतो. दुभाष्याचा राग माझ्या मनातून गेला तो त्या रात्री.

झोप अजून मोडते, पण आता उठून बसलो की ती विचारते, “पाऊस?” मी हो म्हणतो, आणि पुन्हा आडवा होतो.

एक शेवटचं. तुम्ही जाफन्याचं सांगताना नेहमी त्या घरापाशी येता, जिथल्या विहिरीचं पाणी ती आजी ऑगस्टमध्ये तुमच्या पाण्याच्या बाटल्यांत भरून द्यायची. मग म्हणता, “ऑक्टोबरात परत त्याच गल्लीत गेलो,” आणि तिथे थांबता, चष्मा पुसता, विषय बदलता. चार वर्षांत निदान दहा वेळा मी तिथपर्यंत तुमच्याबरोबर आलोय. मी विचारणार नाही. पण ह्या रविवारी बाकीचे यायच्या आधी, नऊ वाजताच येतो.

आपला,
एक हवालदार (निवृत्त)