दबलेल्या शिरेचा प्रवाह मोजताना

गंगापूर रोड, नाशिक

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

दबलेल्या शिरेतील रक्तप्रवाहाचे संगणकावर प्रारूप करण्याच्या तुझ्या प्रकल्पाची रूपरेषा काल सविस्तर वाचली. डाव्या पायाच्या शिरांत गुठळ्या अधिक होतात हे जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ फिरखो यांनी १८५१ मध्येच नोंदवले होते; पुढे १९५७ मध्ये मे आणि थर्नर या डॉक्टरांनी ४३० शवांची तपासणी केली आणि उजव्या पायाकडे रक्त नेणारी इलियाक धमनी डाव्या पायाकडून येणाऱ्या शिरेला मणक्यावर दाबते त्याच जागी, सुमारे २२ टक्के शवांत, शिरेच्या आत तंतुमय अडथळे असल्याचे दाखवले. हा विषय तू निवडलास याचे मला मनापासून समाधान आहे.

मात्र सीटी स्कॅनवरून शिरेचा आकार काढून त्याची जाळी, म्हणजे गणितासाठी लहान तुकड्यांत विभागणी, कशी करायची यावर तू पानेच्या पाने लिहिली आहेस आणि शिरेत येणाऱ्या रक्ताबद्दल केवळ ‘सरासरी वेग गृहीत धरला’ एवढेच म्हटले आहेस, याची मला काळजी वाटते. शीर धमनीसारखी ताठ नसते. उपाशीपोटी, पाणी न पिता उताणा झोपलेल्या रुग्णाची शीर स्कॅनमध्ये प्रत्यक्षाहून अधिक चपटी दिसू शकते. २००४ च्या एका अभ्यासात तर पायाची कोणतीही तक्रार नसलेल्या सुमारे चतुर्थांश लोकांत ती निम्म्याहून अधिक दबलेली आढळली होती. शिवाय अडथळा जुना असेल तर रक्त ओटीपोटातील पर्यायी शिरांनी वाट काढते. त्या शिरा तुझ्या प्रारूपात नसतील, तर सगळे रक्त अरुंद जागेतून ढकलले जाईल आणि दाबातील फरक अवाजवी मोठा येईल.

द्राक्षांच्या छाटणीच्या दिवसांत दिंडोरीकडच्या एक बाई डावा पाय सुजला म्हणून आल्या होत्या. मांडीच्या शिरेवर डॉपलरचा (ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणाऱ्या यंत्राचा) प्रोब ठेवला, तर उजवीकडे श्वासाबरोबर आलेख वरखाली होत होता आणि डावीकडे तो जवळजवळ सपाट होता. वरच्या अडथळ्याची ही खूण स्थिर चित्रात दिसत नाही. म्हणून प्रत्येक रुग्णाचा दोन्ही पायांचा डॉपलर स्कॅनच्याच दिवशी, त्याच स्थितीत करावा आणि श्वासानुसार बदलणारा तो वेग प्रारूपाला द्यावा. रक्ताची चिकटता स्थिर धरू नकोस. अडथळ्यापाशी जिथे प्रवाह मंदावतो तिथे ती वाढते, आणि गुठळीचा विचार नेमका तिथेच करायचा आहे.

नैतिकता समितीची परवानगी मिळेपर्यंत मला कोणाचेही स्कॅन तुला देता येणार नाहीत. अर्जाचा मसुदा पाठव, मी तपासून देते.

तुझी,
आई