रात्रभर ओलित, पहाटे रनिंग, मग शरीर भरून येणार कधी?

संपादक साहेब, नमस्कार,

मी गावातल्या पोरापोरींची पोलीस भरतीची रनिंग घेतो, अन् सध्या जे पाहतो आहे ते सगळ्यांपर्यंत जावं म्हणून लिहितो. आमच्याकडं शेतीची लाईन, म्हणजे वीज, पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हरभरा, गव्हाचं ओलित, म्हणजे पिकाला पाणी देणं, लागलं की रात्रीच्या पाळीत हीच पोरं बापासोबत वावरात असतात, स्प्रिंकलरचे पाईप दर दोन-तीन तासांनी बदला, मधातच डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) डीओ, म्हणजे फ्यूज, उडतो, वरून डुकरं हाकलायला जागल, म्हणजे झोप होते ती तुकड्या-तुकड्यानं. अन् पहाटे पाचला तेच पोरगं १६०० मीटर पळायला ग्राउंडवर हजर! मग नडगी दुखते, भरलेल्या मांड्या उतरत नाहीत, टायमिंग वाढतच जातं. घरचे म्हणतात प्रोटीनचा डबा आणा. अहो डब्यानं काय होणार, झोपच नाही तर?

शरीराची दुरुस्ती मुख्यतः गाढ झोपेत होते, वाढीचं हार्मोन तेव्हाच जास्त सुटतं, अन् ही गाढ झोप डोळा लागल्यानंतरच्या पहिल्या तीनेक तासांत सगळ्यात जास्त असते. नेमकी तीच रोज मोडते.

माझं पालकांना सांगणं आहे, घरात दोघं असतील तर रात्र वाटून घ्या, एकानं एक वाजेपर्यंत पाहावं, दुसऱ्यानं त्याच्यानंतर, दोघांनाही सलग चार-पाच तास तरी भेटतात. ओलिताच्या दिवसांत पहाटेची रनिंग मी बंदच ठेवतो, संध्याकाळी हलकी घेतो. रात्र पूर्ण गेली असेल तर पोराला दुपारी दीड तास झोपू द्या, त्याला आळशी म्हणू नका. मध्यरात्रीनंतर चहा नको, त्याचा असर पाच-सहा तास राहतो. अन् थकवा जाईल म्हणून काही मोठी माणसं पोरांना दारूचा घोट देतात, हे तर मला अजिबात पटत नाही, त्यानं डोळा लवकर लागतो पण उत्तररात्रीची झोप फुटते.

पोरी वावरात गेल्या नाही तरी पाणी भरायला, डबे करायला चारलाच उठतात, त्यांचाही विचार करा.

खरा इलाज दिवसाची लाईन हाच आहे. शेतीचे फिडर, म्हणजे वीज आणणाऱ्या लाईनी, सौर विजेवर चालवून दिवसा वीज द्यायची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, आमच्या फिडरचाही नंबर लवकर लागावा ही कळकळीची विनंती. अन् तोवर आपल्या पेपरनं दर शनिवारी तालुक्याचं दिवस-रात्र पाळीचं वेळापत्रक छापावं, म्हणजे आम्हाला पुढच्या आठवड्याची रनिंग त्याप्रमाणं लावता येईल.

आपला,
एक क्रीडा शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ