जगज्जेता आणि वाटाड्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपण क्रीडा पुरवणीत स्कीइंगच्या जगज्जेत्यांवर अख्खं पान दिलंत, त्याबद्दल आधी आभार. २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरलेला गुलमर्गचा आरिफ खानही त्यात आला, याचा फार आनंद झाला. पण त्या पानावर एक नाव असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. ते नाव डग कूम्ब्स.

मी कर्वेनगरला राहते. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून बेसिक आणि ॲडव्हान्स कोर्स केले, आणि तेव्हापासून मुलामाणसांना डोंगरात नेणं-आणणं हेच माझं काम आहे. स्कीइंग ही माझी विद्या नव्हे. तरीही माझ्या लीडर्सच्या प्रशिक्षणात मी दरवर्षी या माणसाबद्दल सांगते.

कूम्ब्स अमेरिकेचा, जन्म १९५७चा. शाळकरी वयात स्कीइंग करतानाच त्याची मान मोडली होती. त्यातून उठून तो पुन्हा बर्फावर गेला. १९९१ मध्ये अलास्कातल्या व्हाल्डीझला एक्स्ट्रीम स्कीइंगची पहिली जागतिक स्पर्धा झाली, ती त्याने जिंकली. १९९३ मध्ये पुन्हा जिंकली. या प्रकारात ऑलिंपिकसारखा आखून दिलेला, झेंडे रोवलेला मार्ग नसतो. समोरचा डोंगर निरखायचा, कुठून उतरायचं ते आपणच ठरवायचं, आणि ती वाट किती अवघड होती व किती सफाईने उतरलात यावर परीक्षक गुण देतात. म्हणजे नुसते पाय तयार असून भागत नाही, डोंगर वाचता यावा लागतो.

आणि हीच विद्या घेऊन तो गाईड झाला. पत्नी एमिलीबरोबर त्याने व्हाल्डीझलाच हेलिकॉप्टरने लोकांना डोंगरावर नेऊन तिथून स्कीवरून खाली आणण्याचा व्यवसाय उभा केला. तीव्र उतारावर कसं उतरायचं याची शिबिरं दोघं घेत असत, आधी अमेरिकेतल्याच जॅक्सन होलला आणि पुढे युरोपात. जॅक्सन होलच्या स्की रिसॉर्टने १९९७ मध्ये हद्दीबाहेर स्की केल्याबद्दल त्याला बंदी घातली होती. दोनच वर्षांत तिथली हद्द सगळ्यांसाठी खुली झाली, म्हणून त्याचे चाहते तो प्रसंग अभिमानाने सांगतात. मला त्यात अभिमानाचं काही दिसत नाही. लावलेली दोरी ओलांडायची नाही, हे मी चौदा वर्षांच्या मुलांना शिकवते. पण त्या बंदीनंतर त्याने युरोप गाठला आणि शेवटी ला ग्राव्ह या फ्रान्समधल्या लहानशा गावात घर केलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

ला ग्राव्हला केबल कार ३२०० मीटरपर्यंत नेते. समोर ला मेज हे जवळपास चार हजार मीटर उंचीचं शिखर. वर गेल्यावर यंत्राने दाबून केलेले रस्ते नाहीत. हिमनद्या, कडे आणि बर्फाने भरलेल्या अरुंद नाळा. अशा ठिकाणी परक्या माणसाला गाईड लागतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हिमप्रपाताचा धोका सर्वांत जास्त, आणि स्कीइंगची खरी मजाही तिथेच. त्यामुळे काल वारा कुठून होता, रात्री किती गारठलं, उन्हं या बाजूला कधी येतात, हे सगळं गाईडला सकाळी निघण्याआधी ठाऊक हवं. एका वेळी एकच जण उतारावर, बाकीचे आडोशाला. प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर, म्हणजे बर्फाखालून ठावठिकाणा कळवणारं संदेशयंत्र, पाठीवर फावडं आणि बर्फात खुपसून शोध घ्यायची लांब काठी, कारण गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत सापडला तरच जगण्याची आशा मोठी असते. एवढ्या वेळात खालून मदत येत नाही. जे काय करायचं ते बरोबरच्यांनीच.

३ एप्रिल २००६ रोजी ला ग्राव्हच्या पोलिशिनेल नावाच्या नाळेत त्याच्याबरोबरचा तरुण मित्र घसरून कड्यावरून खाली गेला. तो कुठे पडलाय हे पाहायला कूम्ब्स आडव्या पावलांनी कड्याच्या धारेकडे सरकत गेला. तिथे तोही घसरला. दोघंही गेले. कूम्ब्स ४८ वर्षांचा होता, मुलगा दोन-अडीच वर्षांचा. त्याने धारेपाशी जायला हवं होतं का, यावर माझ्या प्रशिक्षणात तास-तास वाद होतात. काही मुलं म्हणतात, आधी दोर लावायला हवा होता. बरोबर आहे. पण आपल्याबरोबर आलेला माणूस दिसेनासा झाल्यावर त्याच्याकडे जाणारा तो होता, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

आता आपल्याकडचं सांगते. गेल्या पावसाळ्यात राजगडावर गुंजवण्याच्या बाजूने चोरदरवाज्याखाली गर्दी तुंबली होती. धुकं, रिपरिप, कातळ शेवाळलेला. रेलिंग संपतं तिथे एक मुलगी दोन्ही हातांनी खडक कवटाळून उभी होती. दृष्टिभयाने, म्हणजे खालची खोली दिसून वाटणाऱ्या भीतीने, पाय असे लटपटत होते की गुडघा कातळावर आपटल्याचा आवाज मला खाली ऐकू येत होता. पायात गुळगुळीत तळव्याचे बूट. मागचे ओरडत होते, ‘चला ना, चला ना.’ मी विचारलं, ‘तुमचा लीडर कोण?’ ती म्हणाली, ‘ते वर पोचले.’ शेवटी कोण आहे म्हटलं, तर शेवटी कोणीच नाही. पन्नासेक जणांची बस, लीडर म्हणून टी-शर्ट घातलेली दोन मुलं, तीही विशीतली, दोघंही पुढे. दोर एकाच्याही पाठीवर नव्हता. माझ्या गटातल्या स्वीपने, म्हणजे मुद्दाम सर्वांच्या मागे राहणाऱ्या लीडरने, तिच्या खालच्या बाजूला उभं राहून एकेक पाऊल कुठे ठेवायचं ते सांगितलं आणि तिला मागे उतरवलं. पैसे घेणारा आयोजक पुण्यातच होता.

मी त्या दोन मुलांना दोष देत नाही. त्यांना कोणी काही शिकवलेलंच नव्हतं. आज फ्रान्समध्ये असलेल्या माँ ब्लाँ शिखरावर १८२० मध्ये हिमप्रपातात तीन गाईड गेले, आणि १८२१ मध्ये त्याच्या पायथ्याच्या शामोनी गावातल्या गाईडांनी आपली संघटना उभी केली. काम पाळीने वाटून घ्यायचं, कोणी गेला तर त्याच्या घरच्यांना मदत करायची, ही घडी त्यांनी दोनशे वर्षांपूर्वी घातली. आज गाईडांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, खडक, बर्फ आणि स्की या तिन्हीत काही वर्षं तयारी केल्याशिवाय तिचा बिल्ला मिळत नाही, आणि शेजारच्या नेपाळमधली संघटनाही तिची सभासद आहे. आपल्या राज्याने २०१८ मध्ये साहसी उपक्रमांसाठी सुरक्षेच्या सूचना काढल्या, २०२१ मध्ये नोंदणीसह धोरण जाहीर केलं. कागद आहे. पण शनिवारी रात्री स्वारगेटहून बसमध्ये चढणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना त्याचा पत्ताच नाही.

म्हणून आपल्याकडे मागणं आहे. सोमवारी आपण ‘ट्रेकर दरीत कोसळून ठार’ अशी बातमी छापता, तेव्हा गटात किती जण होते, लीडर किती, त्यांचं प्रशिक्षण काय, आयोजकाची नोंदणी होती का, दोर होता का, हेही आपल्या बातमीदाराने विचारावं आणि छापावं. आज बातमीत फक्त मेलेल्याचं वय आणि गाव येतं, आणि खाली प्रतिक्रिया येतात की हल्लीची पोरं बेजबाबदार.

दुसरं, आपल्या पुरवणीत एकदा तरी गडांच्या घेऱ्यातल्या, म्हणजे पायथ्याच्या गावांतल्या, वाटाड्यांना जागा द्या. गुंजवणे, पाली, वेल्हे, पाचनई इथल्या माणसांना कोणती वाट कधी निसरडी होते, कुठला ओढा तासाभरात चढतो, हे पाठ असतं. अपघात झाला की दोर आणि स्ट्रेचर घेऊन आधी तेच धावतात. त्यांना प्रथमोपचार आणि दोराचं रीतसर शिक्षण मिळालं, आणि दर गटामागे त्यांचा ठरलेला मेहनताना बांधून दिला, तर शामोनीसारखी घडी इथेही बसेल. पुण्यातल्या जुन्या गिर्यारोहण संस्थांकडे शिकवणारी माणसं आहेत, मीही यायला तयार आहे. जागा म्हणून गावच्या शाळेची खोली पुरते.

हे सगळं जूनच्या आधी व्हायला हवं. पहिला पाऊस पडला की बसची बुकिंगं सुरू होतात.

आपली,
एक ट्रेक लीडर
कर्वेनगर, पुणे