चिऊसोबत २६ मिनिटं

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

शनिवारी चिऊ तुमच्याकडे आहे आणि नाताळच्या सुट्टीचा सिनेमा दाखवायचा म्हणताय, तर ‘द स्नोमॅन’ लावा. एक मुलगा बर्फाचा माणूस बनवतो, रात्री तो जिवंत होतो आणि त्याला आकाशात उडवत नेतो, अशी गोष्ट. १९८२ सालचा, ब्रिटनमधला, फक्त २६ मिनिटांचा. चित्रं हातानं काढलेली, गोष्टीत संवाद नाहीत, मध्ये एक इंग्रजी गाणं तेवढं. म्हणजे आई, तुला गोष्ट मराठीत सांगता येईल. साडेतीन वर्षांच्या पोरीला याहून लांब झेपत नाही.

‘होम अलोन’ यंदा नको. तो शंभर मिनिटांच्या वर आहेच, पण आई-बाबा मुलाला घरीच विसरून प्रवासाला निघतात, तिथून त्याची गोष्ट सुरू होते. आम्ही दोघं गावाला असताना तिला नेमकं तेच दिसायला नको. शिवाय चोराच्या तोंडावर इस्त्री आदळते आणि तो उठून चालायला लागतो. या वयात ते खरं वाटतं.

दुपारची झोप झाली की पाचच्या सुमारास बसा. रात्री नको, कारण शेवट रडवणारा आहे आणि तो घेऊनच ती झोपेल.

बाबा, तुम्ही सकाळीच एकदा सगळा सिनेमा लावून बघा. मधे जाहिराती येत असतील तर कुठे येतात ते कळेल. ऑटोप्ले बंद करा, नाहीतर नावं संपायच्या आत दुसरंच काहीतरी सुरू होतं. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ निवडा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू असली की हातानं काढलेली चित्रं विचित्र सरकतात. आवाज आकाशातल्या उड्डाणाच्या प्रसंगावर बेतून ठेवा, तिथे संगीत मोठं होतं. एक दिवा चालू राहू दे.

खायला पॉपकॉर्न नको. चार वर्षांखाली ते घशात अडकायची भीती असते, अख्ख्या शेंगदाण्यांचंही तेच. केळ्याचे काप द्या, द्राक्षं असतील तर उभी चिरून.

आता शेवटाबद्दल. सकाळी मुलगा बाहेर धावतो तर बर्फाचा माणूस वितळलेला असतो, उरतात टोपी, मफलर असल्या वस्तू. इथे बहुतेक मुलं रडतात किंवा एकदम गप्प होतात. टीव्ही बंद करू नका. “खोटंच आहे ते” असंही म्हणू नका. तिला ते खरंच वाटलेलं असतं, मग ती आपलं दुःख सांगायचंच थांबवते. मांडीवर घ्या आणि “तुला वाईट वाटलं ना?” एवढंच विचारा. ती लगेच परत लाव म्हणाली तर लावा. दोनदा बघूनही तासाच्या आतच होतं.

बर्फ म्हणजे काय हे तिला फ्रिजमधूनच माहीत आहे. म्हणून सिनेमा सुरू करताना स्टीलच्या वाटीत बर्फाचे तीन-चार लहान खडे तिच्याच हातानं ठेवा आणि वाटी टीपॉयवर राहू द्या. संपेपर्यंत बरंचसं पाणी झालेलं असेल. “कुठे गेला तो?” असं तिनं विचारलं की वाटी दाखवा. मग ते पाणी तिला परत ट्रेमध्ये ओतू दे. ट्रे काठोकाठ भरू नका, फ्रीजरपर्यंत नेताना सांडते. रविवारी उठल्यावर ती आधी तिकडेच जाईल, तेव्हा तिच्याआधी कुणी ट्रे काढू नका.

तुमची,
ताई