फ्री स्टेटच्या शेतघरातून आलेली नाटके

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाटककार अथोल फ्युगार्ड यांच्या निधनानंतर आपल्या रविवार पुरवणीत दक्षिण आफ्रिकेच्या रंगभूमीवर जो लेख आला, तो मी दोनदा वाचला. वर्णभेदाच्या काळात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कलावंतांनी एकत्र येऊन उभे केलेले नाटक, पोलिसांच्या धाडी, परवानग्यांचे अडथळे हे सारे त्यात नेमके मांडले होते. मात्र आपल्याकडे या देशाच्या नाटकाची चर्चा बहुतेक वेळा इंग्रजीपाशीच थांबते आणि आफ्रिकान्स ही डचमधून तिथे घडलेली भाषा केवळ राज्यकर्त्यांची, १९७६ साली सोवेटो या जोहान्सबर्गजवळच्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या शाळकरी मुलांवर लादली गेलेली भाषा म्हणून एका वाक्यात येऊन जाते. ते वाक्य खरेच आहे. पण त्याच भाषेत, राज्यकर्त्यांच्याच समाजात जन्मलेल्या रेझा द वेट या नाटककार प्राध्यापिकेने त्या समाजाच्या घराचे दार आतून उघडून दाखवले, आणि तिचे नाव मराठीत माझ्या तरी वाचनात कधी आले नाही. म्हणून हे पत्र.

रेझा द वेट यांचा जन्म ११ मे १९५२ रोजी फ्री स्टेट प्रांतातल्या सेनेकाल या लहानशा गावी झाला. सपाट माळ, मक्याची शेते, कर्मठ प्रॉटेस्टंट चर्च आणि बोअर युद्धाच्या (डच वंशाचे शेतकरी विरुद्ध इंग्रज) आठवणी असा तो मुलूख आहे. नाट्यशिक्षण घेऊन त्यांनी आधी अभिनेत्री म्हणून काम केले आणि पुढे ग्रॅहम्सटाउनच्या (आताचे माखांडा) ऱ्होड्स विद्यापीठात नाट्यविभागात अनेक वर्षे शिकवले. हे विद्यापीठ इंग्रजी माध्यमाचे आणि गावही इंग्रज वसाहतवाल्यांच्या वंशजांचे. तिथे दिवसभर इंग्रजीतून तालमी घ्यायच्या, तास घ्यायचे आणि नाटक मात्र लहानपणी घरात बोललेल्या भाषेत लिहायचे, असा त्यांचा क्रम बरीच वर्षे चालला. त्यांच्या आफ्रिकान्स संवादांतले जुन्या शेतघरांचे वळण टिकले ते या अंतरामुळेच, असे मला वाटते. रोज वापरून गुळगुळीत झालेली भाषा आणि दुरून कान देऊन आठवलेली भाषा यांत फरक पडतोच.

त्यांचे पहिले गाजलेले नाटक 'दीपे ख्रोंट'. हे शीर्षक एका आफ्रिकान्स म्हणीचा तुकडा आहे. संथ पाणी, खोल तळ, आणि तळाशी सैतान फिरतो, असा त्या म्हणीचा अर्थ. १९८५ साली विद्यार्थ्यांच्या आफ्रिकान्स नाट्यमहोत्सवात ते प्रथम आले. त्याच वर्षी जुलै महिन्यात सरकारने देशाच्या अनेक भागांत आणीबाणी पुकारली होती, हे आपल्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. नंतर जोहान्सबर्गच्या मार्केट थिएटरनेही ते केले. (१९७६ पासून चालत आलेले हे नाट्यगृह मुळात तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांचा फळबाजार होते, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.) नाटकात एक पडके शेतघर आहे. भाऊ-बहीण तिथे एकटे राहतात. त्यांना लहानाचे मोठे केलेली वृद्ध कृष्णवर्णीय दाई तेवढी सोबतीला आहे. शेत उजाड झाले आहे, आईवडील कुठे आहेत हे हळूहळू कळते, आणि ते कळू लागते तसे प्रेक्षकाला बसल्या जागी अस्वस्थ होते. शहरातून एक वकील वारशाचे कागद घेऊन येतो. तो त्या घरातून जिवंत परतत नाही.

या नाटकाचा घाव कुठे बसला हे समजून घेण्यासाठी दोन गोष्टी माहीत हव्यात. एक म्हणजे आफ्रिकान्स साहित्यात शेताला असलेले पावित्र्य. १९२० ते १९४० या दशकांत तिथे शेतावरच्या कादंबऱ्यांची मोठी परंपरा उभी राहिली. वाडवडिलांची जमीन, घाम गाळणारा बाप, बायबल वाचणारी आई आणि वारस मुलगा हे तिचे खांब होते. ती जमीन मुळात कोणाकडून गेली, १९१३ च्या जमीन कायद्याने देशातल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांसाठी जेमतेम ७ टक्के भूभाग कसा राखून ठेवला, हा प्रश्न त्या कादंबऱ्यांच्या कुंपणाबाहेरच राहिला. दुसरी गोष्ट म्हणजे आल्बा बाउवर यांच्या 'रिफीरप्लास'च्या बालकथा. फ्री स्टेटमधल्या शेतावरची लाडकी मुलगी, प्रेमळ आईबाप, गोष्टी सांगणारी कृष्णवर्णीय दाई असे त्यांचे गोड जग आहे, आणि आफ्रिकान्स बोलणाऱ्या कित्येक पिढ्या त्या कथा ऐकत झोपी गेल्या आहेत. द वेट यांनी नेमके तेच घर उचलले आणि त्यातली मुले मोठी झाल्यावर काय झाले ते दाखवले. आपल्या प्रेक्षकाच्या अंगाईतच त्यांनी हात घातला. नाटकात कुठेही सरकारचे नाव येत नाही, घोषणा होत नाही. आणि तरीही त्या खोलीत कोणाची शिस्त चालत आली होती आणि ती कुठवर गेली, हे लपून राहत नाही.

'मिस', 'मिराकेल' आणि 'ड्रिफ' ही तीन नाटके १९९३ साली एकत्र प्रसिद्ध झाली आणि त्यांना १९९४ चे हर्टझोग पारितोषिक मिळाले. आफ्रिकान्स साहित्यात याहून मोठा मान नाही. १९९७ साली तोच मान त्यांना पुन्हा मिळाला.

यांतल्या 'मिस'विषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या हौशी गटातल्या सहाजणांनी माझ्या घराच्या गच्चीवर त्याच्या इंग्रजी रूपाचे वाचन केले. गावात सर्कस आलेली आहे, आणि दरवर्षी सर्कस आली की गावातली एक तरुण मुलगी नाहीशी होते. एका घरात आई आणि मुलगी दार लावून बसल्या आहेत. मुलीचे नाव मेइसी, म्हणजे नुसते 'मुलगी'. बाप वर्षानुवर्षे माळ्यावर जाऊन बसलेला. घराचे पोट चालते ते शेणखताच्या पोत्यांवर, आणि त्याच खोलीत मुलीच्या चर्चविधीसाठी पांढरा पोशाख शिवला जातो आहे. रक्षणासाठी म्हणून एक आंधळा हवालदार येतो. वाचता वाचता आमच्यातली एक मुलगी मध्येच थांबली आणि म्हणाली, "सर, आईला भीती मुलगी पळवली जाईल याची नाही, मुलगी आपण होऊन जाईल याची आहे." हे बोलणारी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. त्यानंतर पुढचे पान उलटायला कोणालाच घाई नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही अडलो ते शीर्षकापाशी. आफ्रिकान्समध्ये 'मिस' म्हणजे धुके, 'मिस' म्हणजे शेणखत, 'मिस' म्हणजे चुकणे किंवा उणीव भासणे, आणि कॅथलिक चर्चमधली उपासनाही 'मिस'च. चारही अर्थ नाटकात जिवंत आहेत आणि इंग्रजी शीर्षकात त्यांतला एकच उरतो. 'ड्रिफ'चेही तेच: नदी पायी ओलांडायची उथळ जागा आणि मनाचा आवेग, दोन्हींना एकच शब्द. मराठीत आम्हाला 'खत' सुचला, कारण शेतातले खतही तेच आणि खरेदीखतातले खतही तेच. पण त्यात ना धुके आहे ना हरवणे, म्हणून तो सोडून द्यावा लागला.

'मिराकेल' मराठी माणसाला सर्वांत जवळचे वाटेल. मंदीच्या काळात एक फाटकी फिरती नाटक मंडळी एका लहान गावात चर्चच्या सभागृहात मुक्कामाला येते आणि 'एल्केर्लिक' या मध्ययुगीन डच नाटकाचा खेळ लावते. त्यात मृत्यू प्रत्येक माणसाला हिशेब द्यायला बोलावतो. थकलेले नट, उधारी, आपसातले रुसवेफुगवे, आणि तरीही दिवे लागले की अंगात येणारी नाटकाची हवा हे ज्यांनी आपल्या जुन्या मंडळ्यांच्या आठवणींत वाचले आहे, त्यांना वेगळे काही समजावून सांगावे लागणार नाही. आफ्रिकान्स व्यावसायिक रंगभूमी खरोखर अशीच उभी राहिली. १९२० च्या दशकात पॉल द ग्रोट, नंतर हेंड्रिक हानेकोम आणि आंद्रे ह्यूगनेट यांच्या मंडळ्या गावोगावी फिरल्या, आणि १९४७ मध्ये सरकारी नॅशनल थिएटर स्थापन झाले ते त्यांनी तयार केलेल्या प्रेक्षकावर. नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी आपल्या रंगभूमीचा हा इतिहास व्याख्यानात न सांगता नाटकात घातला, हे मला फार मोलाचे वाटते.

१९९७ चे पारितोषिक 'ड्री सस्टर्स ट्विए' या नाटकासाठी होते. रशियन नाटककार चेखवच्या 'थ्री सिस्टर्स' नाटकातल्या तीन बहिणींचे क्रांतीनंतरच्या यादवी युद्धात काय झाले असेल, हा त्याचा विषय. मॉस्कोला जाण्याची तीच जुनी ओढ, पण आता आजूबाजूचे जगच मोडलेले. वर्णभेदी राजवट संपून दोनच वर्षे झाली असताना, १९९६ मध्ये, आफ्रिकान्स वाचकाने ते हातात घेतले तेव्हा रशियातल्या त्या घराला त्याने आपले घर मानले नसते तरच नवल. पुढे त्यांनी थेट इंग्रजीतही नाटके लिहिली. बोअर युद्धातल्या जखमी सेनापतीभोवती फिरणारे 'ब्रीदिंग इन' हे त्यांतले एक. लंडनच्या ओबेरॉन प्रकाशनाने त्यांचे इंग्रजी संग्रह काढले, त्यामुळे ही नाटके भारतात बसूनही मिळवता येतात. २७ जानेवारी २०१२ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांनी रस्त्यावर उतरून लिहिले नाही, असा आक्षेप कोणी घेईल. मला तो मान्य नाही. फ्युगार्ड यांनी दोन वर्णांच्या माणसांना एका खोलीत समोरासमोर बसवले, आणि ते धैर्याचे काम होते. द वेट यांनी त्याच देशात गोऱ्यांच्या बंद खोलीतली हवा प्रेक्षकांना हुंगायला लावली. एकाशिवाय दुसरे अपुरे राहते, म्हणून आपल्या लेखाला ही पुरवणी जोडावीशी वाटली.

आमच्या गटाने 'मिस'च्या पहिल्या प्रवेशाचा मराठी खर्डा इंग्रजीवरून केला आहे, पण तो तसाच रंगमंचावर नेण्याचे धाडस मला होत नाही. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेले, आफ्रिकान्स जाणणारे मराठी वाचक आपल्या अंकाला असतीलच. नेदरलँड्समधल्या मराठी मंडळींनाही डचच्या आधाराने मूळ संहिता बरीचशी उलगडेल. त्यांच्यापैकी कोणी मूळ आफ्रिकान्स संवाद समोर ठेवून आमचा खर्डा ओळीओळीने तपासून देण्यास तयार असेल, तर आपल्या स्तंभातून तसे जरूर कळवावे. शीर्षकाची जागा आम्ही अद्याप कोरी ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त नाट्यशिक्षक, मिरज