बालपणाची चौकशी हवी, पण सोबतच्या माणसांसमोर नको

महोदय,

लहानपणी मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना मोठेपणी चेतासंस्थेचे आजार अधिक होतात, अशा बातम्या अलीकडे येतात. त्या वाचून रुग्ण घाबरतात आणि घरचे म्हणतात, ‘बघा, सगळं मनाचंच आहे.’ दोन्ही चूक.

नॉर्वेत १९९९ ते २००८ या काळात गरोदरपणी नोंदवलेल्या सुमारे ७८,००० स्त्रियांवर २०१८ पर्यंत लक्ष ठेवले गेले. ३०० जणींना मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या आवरणाला इजा करणारा आजार) झाला. बालपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्यांत धोका ६५ टक्क्यांनी जास्त आढळला. मथळ्यात हाच आकडा येतो. पण त्या ३०० जणींपैकी कोणताही अत्याचार सांगणाऱ्या २४ टक्के होत्या, इतर स्त्रियांत १९ टक्के. म्हणजे आजार झालेल्या चारपैकी तिघींनी असे काही सांगितलेच नव्हते. धोका वाढतो, पण कोणा एकीचे भविष्य त्यावरून वर्तवता येत नाही.

मग डॉक्टरांनी बालपणाविषयी विचारायचे कशाला? औषध बदलते म्हणून. अशा बालपणानंतर अर्धशिशीसोबत नैराश्य आणि निद्रानाश वारंवार दिसतात. आपल्याकडे अर्धशिशीवर सर्रास लिहिले जाणारे फ्लुनारिझिन नैराश्य वाढवू शकते. टोपिरामेट या अर्धशिशीवरच्याच दुसऱ्या औषधानेही मन खचू शकते. झोप नसेल तर रात्री अल्प मात्रेत, १० मिलिग्रॅमपासून, ॲमिट्रिप्टिलीन हे औषध अधिक सोयीचे. शिवाय दुखणे अंगावर काढत गोळ्या घेण्याची सवय जडलेली असते. साधी वेदनाशामके महिन्यात १५ दिवस, ट्रिप्टान (अर्धशिशीचा झटका थांबवणारी औषधे) किंवा एकाहून अधिक औषधांच्या मिश्र गोळ्या १० दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक चालले की गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. तेव्हा आधी गोळ्यांचे दिवस वहीत मांडायला सांगावेत.

आता विचारायचे कसे? ओपीडीत बाईच्या शेजारी नवरा किंवा सासू बसलेली असते. तिथे खरे उत्तर मिळणार नाही. तपासणीच्या निमित्ताने सोबतच्यांना बाहेर बसवावे. ‘लहानपणी घरात भीती वाटावी असे काही घडत होते का? सांगायचे नसेल तरी चालेल,’ एवढे पुरे. तपशील उकरू नयेत. उत्तर ‘हो’ आले तर त्याच भेटीत झोप, उदासी आणि आत्महत्येचे विचार यांची चौकशी करावी, समुपदेशकाकडे पाठवावे आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. केसपेपरवर मात्र यातले सविस्तर लिहू नये. ती फाइल घरी नवऱ्याच्याच हाती जाते.

– एक मेंदूविकारतज्ज्ञ, नाशिक